आधी मजकूर, मग मशीन

भंगारवाल्याला रविवारी बोलावलंय म्हणालीस ना, त्याला आधी फोन करून थांबव. मग निवांत बस आणि माझं ऐक. आर्वीच्या तुमच्या छापखान्यातला तो जुना कॉम्प्युटर अजून चालू होतो, पडद्यावर विंडोज ९८ येतं, फक्त शेजारचा झिप ड्राईव्ह दिसत नाही आणि फ्लॉप्या वाचताना घरघर होते. एवढ्यावरून त्याला निकालात काढू नकोस. बाहेरून जोडलेला ड्राईव्ह दिसेनासा होतो तेव्हा पुष्कळदा बिघाड ड्राईव्हच्या आत नसतोच. तो विजेत असतो, वायरीत असतो किंवा सेटिंगमध्ये असतो. आणि तो शोधायला इंजिनिअर लागत नाही, शांत डोकं आणि क्रम लागतो.

त्या मशीनमध्ये काय आहे याचा जरा विचार कर. तुझ्या सासऱ्यांनी इतकी वर्षं जुळवलेलं सगळं काम त्यात आहे. लग्नपत्रिका आहेत, शाळांच्या स्मरणिका आहेत, पतसंस्थांचे अहवाल आहेत, आणि कुठल्याही मोठ्या प्रकाशकाच्या दारात न गेलेल्या मास्तरांचे कवितासंग्रह आहेत. अशा पुस्तकांच्या दोन-तीनशे प्रती निघतात. त्यातल्या काही वाटल्या जातात, काहींना वाळवी लागते, काही पावसात भिजतात. मूळ फाइल मात्र तुझ्या टेबलावर आहे. म्हणून माझं सांगणं एकच: आधी मजकूर बाहेर काढायचा, मशीनचं काय करायचं ते नंतर बघू. हा क्रम उलटा झाला की घात होतो. दुरुस्तीवाला भल्या मनानं म्हणतो, ‘नवीन विंडोज टाकून देतो, ताई.’ तो टाकतो, मशीन झकास चालायला लागतं, आणि आतलं सगळं पुसलेलं असतं.

आता पहिला नियम. हा कागदावर लिहून भिंतीला चिकटव. जुनी फ्लॉपी किंवा डिस्क नव्या लॅपटॉपला लावली की कधीकधी एक चौकट येते: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का? उत्तर कायम ‘नाही’. त्या चौकटीचा अर्थ डिस्क रिकामी आहे असा नसतो. त्या कॉम्प्युटरला ती वाचता आली नाही, एवढाच असतो. ती ॲपलच्या मॅकवर लिहिलेली असेल, नाहीतर ड्राईव्हचं हेड मळलेलं असेल. ‘डिस्क दुरुस्त करू का?’ असं मशीननं विचारलं तरी तूर्त नको म्हण, कारण ती दुरुस्ती त्याच डिस्कवर लिहीत सुटते. साडेतीन इंची फ्लॉपी आत घालण्याआधी तिच्या कोपऱ्यातली बारीक खिट्टी सरकव. तिथलं भोक उघडं दिसलं की त्या फ्लॉपीवर काही लिहिलं जाणार नाही. सव्वापाच इंचीचं उलटं असतं: तिच्या कडेची खाच चिकटपट्टीनं बंद केली की ती सुरक्षित होते.

मग वीज बघ. आपल्याकडचा उन्हाळा तुला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि छापखान्यात दिवसभर कूलर सुरू असतो. तो कूलर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर असतील तर आजच वेगळे कर. कूलरची मोटर सुरू होते त्या क्षणी व्होल्टेज झटका खातं, आणि जुन्या ड्राईव्हला ते सोसत नाही. कूलरची ओली हवा थेट मशीनवर येत असेल तर तोंड फिरव. केबलच्या पिनांवर गंज चढतो तो अशा ओलीनंच. हिंगणघाटकडे जिनिंगजवळ ज्यांची दुकानं आहेत त्यांना आणखी एक त्रास असतो. कापसाचा बारीक तंतू पंख्यात जाऊन बसतो, मशीनला वीज देणारा एसएमपीएस तापतो आणि मग मशीनला नीट पॉवर मिळत नाही. म्हणून आधी सगळं बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशनं धूळ झाड. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, म्हणजे ते गरगर फिरणार नाही.

कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात का? येत असतील तर अर्थिंगमध्ये खोट आहे. आधी वायरमनला बोलाव, मग बाकीचं. अर्थिंग नसलेल्या मशीनला स्वतःचा ॲडॉप्टर असलेला ड्राईव्ह जोडताना पोर्ट जळू शकतं. अर्थिंग झाल्यावर मशीन आणि ड्राईव्ह दोन्हीचे प्लग एकाच बोर्डावर लाव.

ॲडॉप्टरच्या बाबतीत तर मी तुला अगदी बजावून सांगते. त्याची पिन कुठल्याही डब्याला बसते, हाच खरा धोका आहे. प्रिंटर पोर्टला लागणाऱ्या (पॅरलल) किंवा जुन्या मॅकला लागणाऱ्या (स्कझी) झिप ड्राईव्हला ५ व्होल्ट लागतात. बाहेरच्या मोठ्या हार्ड डिस्कला साधारणपणे १२ लागतात, लॅपटॉपचा ॲडॉप्टर १९ च्या आसपास असतो. चुकून एकाचा दुसऱ्याला लागला की ड्राईव्ह तिथंच संपतो. लेबल वाच. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. ॲम्पिअर तेवढेच किंवा जास्त असले तरी चालतात. अधिक-उणेचं वर्तुळाचं बारीक चित्र दोन्हीकडे सारखं हवं. आणि आजच प्रत्येक ॲडॉप्टरला पांढरी पट्टी चिकटवून तो कशाचा आहे ते लिहून ठेव. एक स्वस्तातला मल्टिमीटर घे. पाच व्होल्टच्या जागी चारच येत असतील तर ड्राईव्हचा काय दोष?

वीज ठीक निघाली की मशीनच्या मागे वाक. तिथं पंचवीस भोकांचं लांबट पोर्ट आहे, त्याला आपण प्रिंटर पोर्ट म्हणतो. तुमच्याकडे त्या एकाच पोर्टवर तिघं जण एकामागे एक लागलेले आहेत: आधी मराठी पॅकेजचं लॉक, त्याला लागून झिप ड्राईव्ह, आणि झिपच्या पाठीत प्रिंटरची केबल. पॅकेजची नक्कल होऊ नये म्हणून त्या काळी डीटीपीच्या, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरबरोबर असं लॉक यायचं. ते लॉक, झिप आणि प्रिंटर तिन्ही त्याच तारांवरून बोलतात आणि कधीकधी एकमेकांच्या बोलण्यात येतात. म्हणून सगळं बंद कर, लॉक काढून डबीत जपून ठेव, प्रिंटर सोडव, आणि झिप एकटा थेट पोर्टला लाव. स्क्रू हातानं घट्ट पिळ. केबलची एखादी पिन वाकली आहे का ते टॉर्चच्या उजेडात बघ, वाकली असेल तर चिमट्यानं हळूच सरळ कर. आधी झिप चालू कर, मग कॉम्प्युटर. लॉक नसल्यामुळे पॅकेज उघडणार नाही, पण त्यानं घाबरू नकोस. आपल्याला आत्ता पान लावायचं नाही, फाइली उतरवायच्या आहेत, आणि त्यासाठी लॉक लागत नाही.

तरी दिसला नाही? मग सांग, मशीन चालू होताना तारीख चुकीची दाखवतं का? मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा, नाण्याएवढा, तीन व्होल्टचा सेल असतो. तो संपला की मशीन स्वतःची सेटिंग्ज विसरतं. प्रिंटर पोर्ट कुठल्या पद्धतीनं चालवायचं तेही त्यातच असतं. सेल बदल, मग बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जच्या पडद्यावर जाऊन पॅरलल पोर्ट सुरू आहे का आणि ते ईपीपी किंवा ईसीपीवर आहे का ते बघ. एकानं जमलं नाही तर दुसरं करून बघ. मात्र सेल काढण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेव, कारण हार्ड डिस्कची माहितीही तिथंच असते. एवढासा सेल गेला म्हणून ड्राईव्ह मेला समजून फेकणारे लोक कमी नाहीत.

कधी एखाद्या स्नेह्याकडे जुना ॲपलचा मॅक निघाला आणि तुला बोलावलं, तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. त्याच्या मागचं पंचवीस पिनांचं तोंड हुबेहूब आपल्या प्रिंटर पोर्टसारखं दिसतं, पण ते स्कझीचं असतं. झिप ड्राईव्हही दोन्ही प्रकारांत आला होता. लेबल वाचल्याशिवाय जोडू नकोस, नाहीतर दोन्हीकडचं नुकसान होऊ शकतं. स्कझीवर प्रत्येक ड्राईव्हला ० ते ७ मधला वेगळा नंबर लागतो. ७ हा मॅकचा स्वतःचा, ० बहुतेक आतल्या डिस्कचा. दोघांचा नंबर एक झाला की दोन्ही गायब. साखळीच्या शेवटच्या ड्राईव्हवर टर्मिनेटर हवा, आणि मशीन चालू असताना केबलला हात लावायचा नाही. १९९८ च्या आयमॅकपासून ॲपलनं स्कझी आणि फ्लॉपी दोन्ही काढायला सुरुवात केली, म्हणून अशा जुन्या मशीनच्या केबल्स कुणी दिल्या तर त्या जपून ठेव.

आता झिप दिसायला लागला की कान दे. आयोमेगा कंपनीचा झिप १९९५ मध्ये बाजारात आला. एका कार्ट्रिजमध्ये १०० एमबी, म्हणजे जवळजवळ सत्तर फ्लॉप्यांचा माल. फोटो असलेलं पुस्तक फ्लॉपीत मावायचं नाही, त्यामुळे डीटीपीवाल्यांना तो वरदान वाटला. पण त्याला एक दुखणं होतं, आणि त्यावरून १९९८ साली अमेरिकेत कंपनीवर दावाही झाला. कार्ट्रिज घातल्यावर एकदा ‘टक’ झालं तर ठीक. पण ‘टक-टक-टक’ असा ठेका धरून आवाज येत राहिला तर लगेच कार्ट्रिज बाहेर काढ आणि थांब. तीच कार्ट्रिज दुसऱ्या ड्राईव्हमध्ये घालून बघायचा मोह होतो, तो आवर. आतल्या चकतीची कड फाटलेली असेल तर ती चांगल्या ड्राईव्हचं हेड खराब करते, आणि ते खराब हेड पुढच्या चांगल्या कार्ट्रिजची वाट लावतं. आवाज करणारी कार्ट्रिज आणि आवाज करणारा ड्राईव्ह, दोन्ही बाजूला ठेव आणि त्यांच्यावर तसं लिही. बाकीच्यांवर काम चालू दे.

फ्लॉप्यांची घरघर वेगळी. किती पावसाळे त्या कपाटात काढलेत त्यांनी! प्रत्येक फ्लॉपीचं धातूचं झाकण बोटानं सरकवून आतली काळसर चकती उजेडात तिरपी धरून बघ, मधलं चक्र फिरवून सगळीकडून बघ. पांढुरके ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे. ती फ्लॉपी ड्राईव्हमध्ये घालू नकोस. बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या प्रत्येक फ्लॉपीला ओरखडे काढते. आधी स्वच्छ फ्लॉप्या वाचून घे, संशयाच्या शेवटी ठेव. हेड पुसायचं असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आण. मेडिकलमधलं स्पिरिट नको, त्यात पाणी आणि इतर काहीबाही असतं. नव्या लॅपटॉपला लावायला यूएसबीचा फ्लॉपी ड्राईव्ह मिळतो, तो घ्यायला हरकत नाही. पण तो मॅकच्या जुन्या ८०० केबीच्या फ्लॉप्या वाचत नाही, हे ठाऊक असू दे. नाहीतर चांगल्या फ्लॉपीला तू खराब म्हणशील.

पेन ड्राईव्ह लावला तर विंडोज ९८ त्याला ओळखत नाही, अशीही तुझी तक्रार होती. त्यात नवल नाही. प्रत्येक पेन ड्राईव्हला वेगळा ड्रायव्हर न लागता आपोआप ओळखायची सोय विंडोज एमई आणि २००० पासून आली. ९८ ला ड्रायव्हर सीडीवरून द्यावा लागतो. शिवाय पेन ड्राईव्ह लहान घे, एक-दोन जीबीचा, आणि आधी लॅपटॉपवर तो फॅट किंवा फॅट ३२ मध्ये फॉरमॅट कर. हे फॉरमॅट नव्या, रिकाम्या पेन ड्राईव्हचं आहे हं! एनटीएफएस किंवा एक्सफॅट ९८ ला कळत नाही. त्या मशीनचं यूएसबी संथ आहे, १ जीबी उतरायला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. पडदा हलत नाही म्हणून मध्येच ओढू नकोस. बाहेरची छोटी हार्ड डिस्क लावलीस आणि ती कुरकुरत बंद पडायला लागली, तर तिला पॉवर पुरत नाही. यूएसबीच्या एका पोर्टातून ५०० मिलिॲम्पिअर मिळतात, डिस्क फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त मागते. पुढचं पोर्ट सोडून मागचं वापर, किंवा स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब घे.

हे सगळं करूनही जमलं नाही तर सर्वांत सरळ वाट सांगते. मशीनमधली हार्ड डिस्क काढ आणि आयडीई ते यूएसबी असा ॲडॉप्टर घेऊन ती थेट लॅपटॉपला लाव. वर्ध्यात मिळाला नाही तर नागपूरला सीताबर्डीत विचार. चपट्या केबलच्या कडेला रंगीत रेघ असते, ती डिस्कवरच्या पिन नंबर १ कडे, म्हणजे बहुधा पॉवरच्या पिनांकडे यायला हवी. डिस्कच्या पाठीवरचा छोटा जंपर ‘मास्टर’वर हवा, त्याचं चित्र लेबलवर छापलेलं असतं. डिस्क दिसली की एकेक फाइल उघडून बघत बसू नकोस, सगळंच्या सगळं उतरव. आणि डिस्क आतून ठोके देत असेल, तर एकदाही पुन्हा चालू न करता ती डेटा परत काढून देणाऱ्या माहीतगाराकडे दे. ‘उघडून बघतो’ म्हणणाऱ्याला देऊ नकोस. डिस्कच्या आत धुळीचा कणसुद्धा चालत नाही.

मजकूर उतरल्यावर एक धक्का बसणार आहे, त्याची तयारी आत्ताच करून देते. फाइल उघडशील आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसेल. फाइल बिघडली, असं वाटेल. ती बिघडलेली नाही. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकचं आयएसएम यांचे फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. तो फॉन्ट टाकला की तोच कचरा मराठी होऊन उभा राहतो. म्हणून मजकुराबरोबर विंडोजच्या फोल्डरमधलं फॉन्टचं फोल्डर, पॅकेजच्या सीडी आणि ते लॉक, सगळं बरोबर ठेव. फॉन्ट हरवला तर मजकूर हाताशी असून वाचता येणार नाही. पुढे सवडीनं तो युनिकोडमध्ये बदलून घे. बदलताना जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, तेव्हा मूळ छापील प्रत शेजारी ठेवूनच तपास. मूळ फाइल मात्र कधीच बदलायची नाही, बदल करायचा तो नकलेत.

तुझं खरं दुखणं मला फोनवरच कळलं होतं. कॉम्प्युटरच्या दुकानात गेलीस तर ‘घरच्या कुणाला पाठवा’ म्हणाले, आणि तू गप्प परत आलीस. त्यांचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. तीन-तीन पॅकेजं शिकून रात्ररात्र पानं लावणाऱ्या बायका आपल्या जिल्ह्यात मी पाहिल्यात, एका केबलला तू का घाबरावंस? फक्त एक शिस्त ठेव. एक वही कर. एका वेळी एकच गोष्ट बदल, केबल तर केबल, पोर्ट तर पोर्ट, आणि काय केलं, काय झालं ते लिही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं जमलं ते कधीच कळत नाही. दमलीस तर सोडून दे, दुसऱ्या दिवशी सकाळी कर. चुका होतात त्या रात्री उशिरा, घाईत.

वर्धा जिल्ह्यात राहून यंत्रापुढे हात टेकणं आपल्याला शोभत नाही, असं मला मनापासून वाटतं. १९२९ साली चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अट अशी की चरखा १५० रुपयांच्या आत पडावा, घरी बसून चालवता यावा आणि नीट सांभाळला तर वीस वर्षं टिकावा. पुढे १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते वर्ध्याचं मगन संग्रहालय सुरू झालं, तिथं खादी आणि ग्रामोद्योगाची साधनं आजही बघायला मिळतात. मुलांना घेऊन एकदा जा. यंत्र ज्याच्या घरात आहे त्याला ते सांभाळता आलं पाहिजे, हा विचार आपल्या मातीतला आहे. तो चरख्याला लागू होता, तसा तुझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरलाही लागू आहे.

मजकूर निघाला की त्याच्या तीन नकला कर. एक छापखान्यात, एक माहेरी, एक इंटरनेटवरच्या साठ्यात. वर्षातून एकदा, दिवाळीची साफसफाई करताना, तिन्ही उघडून बघ. ज्यांची पुस्तकं आहेत त्या मास्तरांना, ते नसतील तर त्यांच्या मुलांना कळव की फाइल आहे, हवी असेल तर न्या. मग मशीन भंगारात दे किंवा ठेव, माझं काही म्हणणं नाही. आणि तुझं काम झालं की तालुक्यातल्या बाकीच्या छापखान्यांमध्ये, शाळांमध्ये, पतसंस्थांमध्येही विचार, कुणाच्या कोपऱ्यात असं मशीन पडलंय का. असेल तर त्यांनाही सांग: भंगारवाल्याला जरा थांबवा, आधी मजकूर काढून घ्या.